शिवेचा अकरावा दगड

२२ एप्रिल १९७४, सोमवार

भर चर्चमध्ये हसले! आणि तेही अल्बीचं नाव निघालं तेव्हा. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मी रुमालात तोंड खुपसून खुसखुसतेय. लेकीनं, मर्टलनं, कोपर मारलं. लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीनं रडतेय बिचारी. वाटू दे.

झालं असं. चर्चच्या आवारात आता पुरायला नऊच जागा उरल्यात. नऊ! पर्सी क्रॅडकनं उभं राहून ठराव वाचला. (पर्सी म्हणजे आमच्या चर्चचा कारभारी. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हाही असाच ताठ. मी शाळा बाराव्या वर्षी सोडली, तो अजून शाळेतच आहे असं चालतो.) तर ठराव — यापुढं मर्लकूमच्या शिवेच्या आत राहणाऱ्यालाच इथं जागा. बाकीच्यांनी शहरातल्या दफनभूमीत जावं. शहरात! बस डेपोच्या मागं!

मी सगळ्यांत आधी हात वर केला. दोन्ही.

"हॅटी, एकच मत मोजतात," पर्सी म्हणाला. हसले सगळे. पण का नको करू? अर्नी तिथं यूच्या झाडाखाली पंधरा वर्षं वाट बघतोय. त्याच्या डाव्या हाताची जागा माझी. कागद नाही कसला, पण गावाला ठाऊक आहे. उद्या शेजारच्या हॅथरी गावची कुणी बाई येऊन माझ्या नवऱ्याशेजारी आडवी झाली तर? हॅथरीचे लोक लग्नाला उशिरा येतात आणि जेवायला लवकर. मेल्यावर तरी त्यांनी आपापल्या गावात राहावं.

मग प्रश्न निघाला — शीव नक्की कुठं? तीन बाजूंनी ठीक आहे, पण हॅथरीकडच्या बोळाला कुणालाच सांगता येईना. नवे पाद्री, मिस्टर ल्युपटन, तरुण आहेत, बोलताना कान लाल होतात, त्यांनी जुनी वही काढली. शिवेला दगड अकरा. दहा सापडतात. अकरावा नाही. शेवटची शीव-फेरी १९०५ साली झाली. आख्ख्या गावानं शिवेभोवती फिरायचं आणि दर दगडाला छड्या मारायच्या. कुठल्या दगडावर कुठलं पोर आपटलं ते वहीत लिहिलंय. ध्यानात राहावं म्हणून आपटायचेच पोरांना. हातपाय धरून तीनदा बूड दगडावर, मग घोट्याला धरून उलटं टांगायचं — बघून ठेव रे गाव, वरून आणि खालून!

"अकरावा दगड — अल्बर्ट टुली," पाद्रीसाहेबांनी वाचलं. "हे आहेत का अजून?"

"फ्रान्समध्ये," पर्सी म्हणाला. "सोळा सालापासून."

लढाईत गेला तो. सगळ्यांच्या माना खाली. आणि मला हसू. कारण तो अल्बी नव्हताच. मी होते!


२३ एप्रिल

मर्टलनं ही वही रक्तदाबाच्या गोळ्या लिहायला दिली. सकाळची घेतली. झालं लिहून.


२६ एप्रिल, शुक्रवार

सांगून टाकलं. पोटात राहीना. पाद्रीसाहेब चहाला आले होते, पर्सी त्यांच्याबरोबर. रुबार्बचा मुरंबा उघडला. मागच्या वर्षीचा, जरा खमंग झालाय तळाला, पण पाद्री लोकांना लागलेलं कळत नाही. घरी एकटे असतात ना.

म्हटलं, अल्बीच्या बुडावर गळू झालं होतं. एवढं! कोंबडीच्या अंड्याएवढं. आणि त्याच्या नावानं दगड ठरलेला. पोरींना आपटत नसत, पोरींना काय करायचीय शीव? पण आपटलेल्या पोराला मनुकांचा गोड पाव मिळायचा, आख्खा, कुणाला न वाटता. अल्बी रडायला लागला. मी त्याची चड्डी चढवली, वेण्या टोपीत कोंबल्या आणि गेले. आठ वर्षांची होते. पाव अर्धा अल्बीला दिला. मोठा अर्धा मी खाल्ला, कारण बूड माझं होतं.

पाद्रीसाहेब इतके हसले की चहा बशीत. पर्सी नाही हसला.

"म्हणजे एकोणसत्तर वर्षं चर्चच्या वहीत खोटी नोंद आहे?"

"मग खोडून माझं नाव लिही."

"वहीत खाडाखोड करता येत नाही, हॅटी."

"मग गळूची टीप जोड."

आता मात्र त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पाद्रीसाहेब पुढं सरकले, कान लालबुंद. "मिसेस पिल्बीम, म्हणजे त्या दगडावर आपटलेलं जिवंत माणूस तुम्ही एकट्याच! कुठं होता तो?"

तिथं गाडी अडली. टोपी डोळ्यांवर आली होती, वेणी सुटेल म्हणून जीव मुठीत. दगड थंड होता एवढं आठवतं. आणि उलटं टांगल्यावर दिसलेलं एक आठवतं, पण ते पाद्रीसाहेबांसमोर कसं सांगायचं? सांगितलं शेवटी. गाईची कास दिसली. दोन सड. आणि सडांच्या मधोमध लोंबणारा कोंबडा.

पर्सी म्हणाला, "तू पडली होतीस का डोक्यावर?"


३० एप्रिल

आज अल्बीचा फोटो पुसला. गणवेशातला. कानाचं टोक माझ्यासारखंच. त्याला हे सगळं सांगायला हवं होतं, पोट धरून हसला असता. मला वाटायचं, मी मोठा अर्धा खाल्ला ते त्याला कळलं नाही.


५ मे, रविवार

कळलं!! कास म्हणजे बहिणी! चर्चमागच्या दोन टेकड्या, थोरली बहीण आणि धाकटी बहीण. उलट्या बघितल्या तर खाली लोंबणार — सडच की! आणि कोंबडा म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरचा, वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा. प्रवचन चालू असताना सुचलं. प्रवचन कशावर होतं ते विचारू नये.

म्हणजे जिथून कोंबडा दोघी बहिणींच्या बरोब्बर मधे दिसतो, तिथं अकरावा दगड. साधं आहे.


९ मे

साधं नाही. बोळात उभं राहून बघितलं तर सगळं सरळ दिसतं आणि सरळ मला काही आठवत नाही. मी बघितलं होतं उलटं. म्हणून पाय फाकवून, वाकून, दोन गुडघ्यांमधून बघत गेले. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, डावा गुडघा कुरकुरतोय, स्कर्ट सावरतेय! कुंपणाशी बघितलं — कोंबडा थोरलीच्या पाठीवर. पुढं गेले — धाकटीच्या पोटात. तेवढ्यात हॅथरीचा दूधवाला गाडी थांबवून उभा.

"बरं वाटत नाही का आजी?"

म्हटलं, "गाव बघतेय."

"हॅथरीकडून सरळ दिसतं," म्हणाला मेला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत झालं. मर्टल धावत आली. "आई, तू बोळात उलटी उभी होतीस?" म्हटलं, वाकलेली होते, उलटी नव्हते, हॅथरीच्या माणसाला फरक काय कळतो. मर्टलनं गोळ्यांची वही मागितली. वाचायला देते होय!


१२ मे

डचेसनं अंडं दिलं, तीन आठवड्यांनी. म्हातारी कोंबडी आहे, पण मनात आलं की देते. शीव-फेरी तेवीस तारखेला ठरली, स्वर्गारोहणाच्या गुरुवारी. वाळुंजाच्या छड्या पर्सीच्या गोठ्यात भिजत ठेवल्यात. पर्सी म्हणतो, दगड नाही सापडला तर बोळाच्या मधोमध रेघ धरू. बोळाच्या अलीकडचं मर्लकूम, पलीकडचं हॅथरी. माझं घर अलीकडं. मला काय?

पण दगड कुठाय ते कळायलाच हवं. जीव खातंय ते आता माझा.


१६ मे, गुरुवार

गोळी पडली. तिच्यामुळं सगळं.

सकाळी पाण्याचा पेला हातात, स्वैपाकघरातून मागच्या खोलीत जात होते. जिना चढवत नाही म्हणून खाट मागच्या खोलीतच आहे, अर्नीच्या आजारपणापासून. गोळी सुटली आणि दोन खोल्यांमधल्या पायरीशी जाऊन बसली. मी वाकले. वाकल्यावर दोन गुडघ्यांमधून मागं बघितलं — आता सवयच लागलीय. पुढचं दार कोंबड्यांसाठी उघडं होतं. आणि दारातून, देवाशपथ, थोरली आणि धाकटी लोंबतायत आणि त्यांच्या बरोब्बर मधे कोंबडा!

तशीच राहिले. पेल्यातलं सगळं पाणी सांडलं.

मग खाली बसले. पायरीला दर शनिवारी तांबडा रंग फासते, सासूबाईंनी घालून दिलेली रीत. पंचावन्न वर्षांचा थर. चमचा घेतला आणि खरवडलं. स्वैपाकघराच्या बाजूला आधी एक उभी रेघ, मग तिरपी, मग — एम. मर्लकूमचा एम!

ज्या दगडावर आठव्या वर्षी बूड आपटलं, त्याच दगडावर बसून मी पन्नास वर्षं बटाटे सोलले! बूड ओळखत होतं, डोकं ओळखत नव्हतं.

सासऱ्यांचं काम हे. अकरा साली त्यांनी हे घर बांधलं, त्याआधी इथं नुसती काटेरी झुडपं होती. मोठे कामसू, पण जड वस्तू हलवायची वेळ आली की त्यांची कंबर धरायची. दगड उपटण्यापेक्षा त्याच्याभोवती घर बांधणारा माणूस. पर्सीला सांगायला निघालेच होते, टोपीसुद्धा घातली.

मग वाटलं, दुसरी बाजूही खरवडून बघू. मागच्या खोलीकडची.

एच.


१७ मे

एच म्हणजे हॅथरी.


१८ मे

लिहावंसं वाटेना. आता लिहिते.

स्वैपाकघर मर्लकूममध्ये. मागची खोली हॅथरीत. मी झोपते मागच्या खोलीत. झोपते, उठते, आजारी पडले तर तिथंच पडणार, आणि जाईन तेव्हा त्याच खाटेवरून जाईन. म्हणजे हॅथरीतून. आणि हॅथरीच्या माणसाला आवारात जागा नाही. दोन्ही हात मीच वर केले होते.

अर्नीही त्याच खाटेवर गेला. म्हणजे अर्नी हॅथरीत मेला! बापरे. जन्मभर हॅथरीचं पाणी प्यायला नाही तो माणूस.

दगड कुणाला ठाऊक नाही. तांबडा रंग अर्धा डबा शिल्लक आहे. दहा मिनिटांचं काम.


१९ मे, रविवार

रंग फासला.

चर्चनंतर अर्नीजवळ गेले. शेजारचं गवत मऊ आलंय. म्हटलं, सांगू का नको? अर्नी जिवंतपणीही उत्तर द्यायला वेळ घ्यायचा.

पाद्रीसाहेब दारात भेटले. "काही आठवलं का, मिसेस पिल्बीम?" इतक्या आशेनं विचारलं की मुरंब्याची बरणी मागतायत असं वाटलं. म्हटलं, नाही. रविवारी, चर्चच्या दारात, पाद्र्याला. माझ्या हातून चड्डीनंतरचं पहिलं मोठं खोटं.


२१ मे

पायरीवर बसवत नाही. बटाटे उभ्यानं सोलले. गुडघा दुखला.


२३ मे, गुरुवार. शीव-फेरी

अंग मोडलंय, पण आज लिहिलं नाही तर फुटेन!

आख्खं गाव निघालं. पाद्रीसाहेब पुढं, पांढऱ्या झग्याला चिखल, पर्सी नकाशा घेऊन, मागं सगळे छड्या घेऊन. मी खुर्ची टाकून दारात बसले होते. एकेक दगड लागला की लांबून सपासप आवाज यायचा छड्यांचा आणि पोरांच्या किंकाळ्या. पोरीसुद्धा आपटतात आता. मर्टलची धाकटी तिसऱ्या दगडावर आपटली, धावत सांगायला आली, "आजी, मला पण!" मनुकांचा पाव मात्र अर्धाच देतात. काळ बदलला.

दहा दगड झाले. अकराव्याला सगळे माझ्या दारासमोर बोळात येऊन उभे. पाद्रीसाहेबांनी टोपी काढली. म्हणाले, अकरावा दगड काळानं गिळला, आपण तो जिथं असेल तिथं त्याला मनानं स्मरू या, आणि त्यावर आपटलेल्या अल्बर्ट टुलीलाही — मग माझ्याकडं बघितलं, कान लाल — "म्हणजे, मिसेस पिल्बीमना."

पर्सी रिकाम्या मातीवर छडी मारणार. रिकाम्या मातीवर! एवढी माणसं, एवढ्या छड्या, आणि खरा दगड माझ्या पाठीमागं दहा पावलांवर, रंग फासून गप्प बसलेला. मी पण तशीच. मला राहवेना. कुतूहल फार वाईट, खोकल्यासारखं. दाबलं की जोरात येतं.

उठले आणि ओरडले, "तिथं काय मारताय? आत या सगळे! पाय पुसून!"

चाळीस माणसं माझ्या स्वैपाकघरात. डचेस कपाटावर. मी चमचा घेतला, पाद्रीसाहेबांच्या हातात दिला, तेच गुडघ्यावर बसून खरवडायला लागले. एम दिसला तेव्हा ओरडले लहान पोरासारखे! मी वाकून दाखवलं, कोंबडा दाखवला. मग एकेक जण वाकायला लागला. पाद्रीसाहेबसुद्धा, झगा धरून. सगळ्यांची बुडं दाराकडं, डोकी गुडघ्यांत. आणि हसणं!

मग सपासप छड्या. मग कुणीतरी म्हणालं, हॅटीला आपटा! पर्सीनं एका बाजूनं धरलं, मर्टलनं दुसऱ्या, आणि मला अलगद टेकवलं, तीनदा, अंडं ठेवतात तसं. आख्खा पाव मिळाला. वाटला नाही.

पर्सी नकाशावर लिहायला वाकला. पायरीची दुसरी बाजू खरवडली. एच बघितला. मग मागच्या खोलीत माझी खाट बघितली. उशी, पांघरूण, रात्रीचा पेला. त्याची पेन्सिल थांबली.

"हॅटी," हळू म्हणाला, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"गोळी पडली तेव्हापासून."

"मग सांगितलंस कशाला?"

"अरे, तू मातीला मारत होतास!"

त्यानं नकाशा मिटला. म्हणाला, मी काहीच बघितलं नाही. पर्सी क्रॅडक! ज्यानं पाचवीत स्वतःच्याच नावानं तक्रार केली होती शिक्षकाकडं! म्हटलं, वहीत खाडाखोड करता येत नाही, पर्सी. जे आहे ते लिही.

लिहिलं त्यानं. अक्षर वाकडं आलं.


२४ मे, शुक्रवार

मर्टल रडून गेली. मी नाही रडले. पाव थोडा उरलाय, शिळा जास्त चांगला लागतो, लोणी लावून.

पर्सी दुपारी आला. टोपी हातात. "माझी जागा घे तू," म्हणाला.

"तुझी जागा तुझ्या बायकोशेजारी. मी आले तर ती उठून बसेल."

"ठराव मागं घेऊ."

"आणि हॅथरीला आत घेऊ? माझ्यासाठी? मी जीव देईन. मग पुरणार कुठं?"

हसला नाही. त्याचे डोळे सुजलेले. रात्रभर ती जुनी वही वाचत होता म्हणाला, पहिल्या पानापासून. बरं म्हटलं, वाच. तुला छंद हवाच होता.


२५ मे

पर्सी सकाळी सात वाजता दारात! एका हातात वही, दुसऱ्या हातात मोजपट्टी. कोट उलटा घातलेला. नमस्कार नाही, काही नाही, पानावर बोट ठेवून वाचायलाच लागला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी विधवा होती, तिचंही घर असंच शिवेवर. दोन्ही गावं भांडली, ती कुणाची म्हणून. निकाल लिहून ठेवलाय: चूल कुठं ते बघू नये, पाय कुठं ते बघू नये. ज्या शिवेत उशी, त्या गावचं माणूस.

वाचलं आणि माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "मोज."


२६ मे, रविवार

खाट हलवली. मर्टल, पाद्रीसाहेब आणि पर्सीनं. स्वैपाकघर आखूड पडलं, सबंध मावेना, म्हणून दोन पाय पायरीपलीकडं राहिले. उशी मर्लकूममध्ये. पावलं हॅथरीत.

चालेल. गुडघा त्यांनी ठेवून घ्यावा.